सपाटीवर ठोके उतरले, घाटात तेवढेच राहिले, उन्हाळ्यात पुन्हा चढले: या हृदयगतीचा अर्थ कसा लावावा?

प्रश्न: धायरीची_सायकल

नमस्कार. माझे वय 47 वर्षे असून गेल्या जुलैपासून मी नियमित सायकल चालवते. आठवड्यातून चार दिवस पहाटे धायरीहून निघून खडकवासला धरणाच्या रस्त्याने डोणज्यापर्यंत जाऊन परत यायचे आणि महिन्यातून दोनदा सिंहगडाचा घाट चढायचा, असा माझा क्रम आहे. पुढच्या हिवाळ्यात 200 किलोमीटरची पहिली ब्रेव्हे (ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची सायकलफेरी) साडेतेरा तासांच्या मुदतीत पूर्ण करावी अशी इच्छा आहे. पहिल्या दिवसापासूनच्या नोंदी मी वहीत लिहून ठेवल्या आहेत. परंतु त्या एकत्र वाचायला घेतल्या की काही गोष्टींची संगती लागत नाही.

सकाळी अंथरुणातून उठण्यापूर्वी बोटांनी मोजलेली नाडी जुलैमध्ये 76 होती, ती आता 59 आहे. धरणाच्या सपाट रस्त्यावर ताशी 22 किलोमीटरच्या वेगाने जाताना सुरुवातीला ठोके 146 च्या आसपास असत, फेब्रुवारीत ते 128 पर्यंत उतरले. हे पाहून आनंद झाला. पण सिंहगडाच्या घाटात मात्र असे काहीच दिसत नाही. ऑगस्टमध्ये पायथ्यापासून वाहनतळापर्यंत 78 मिनिटे लागली होती आणि सरासरी ठोके 162 होते. फेब्रुवारीत तेच अंतर 66 मिनिटांत झाले, तरी सरासरी 161 च राहिली. मग घाटापुरती हृदयाची काही सुधारणा झालीच नाही, असे समजावे का?

दुसरी शंका उन्हाळ्याची आहे. मार्चच्या मध्यापासून त्याच सपाट रस्त्यावर, त्याच वेगाला, ठोके 137-138 दाखवत आहेत. आठ महिन्यांची कमाई महिनाभरात गेली की काय, या विचाराने मी अस्वस्थ आहे. तिसरी गोष्ट अशी, की ऑगस्टमध्ये घाटात कमाल आकडा 184 नोंदला गेला होता, आता कितीही जोर लावला तरी 176 च्या वर जात नाही. 220 मधून वय वजा केले तर माझी मर्यादा 173 येते, म्हणजे दोन्ही आकडे त्या हिशेबात बसत नाहीत. डिसेंबरपर्यंत मी मनगटावरचे घड्याळ वापरत होते, त्यानंतर छातीचा पट्टा घेतला, हेही सांगून ठेवते. वार्षिक तपासणीत हिमोग्लोबिन 12.8 वरून 12.2 झाले आहे.

घरी माझे दीर म्हणतात, की नाडी साठाच्या खाली जाणे हे दुखण्याचे लक्षण आहे आणि आता सायकल थांबवावी. त्यांना काय उत्तर द्यावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर 1: शरीरक्रिया_शिक्षक

नमस्कार ताई. मी वैद्यकीय महाविद्यालयात शरीरक्रियाशास्त्र शिकवतो आणि गेली बारा वर्षे सायकल चालवतो. तुमच्या नोंदी इतक्या व्यवस्थित आहेत, की तुमच्या बहुतेक शंकांचे उत्तर त्यांच्यातच दडलेले आहे.

मिनिटाला किती रक्त शरीरात फिरवायचे हे कामावर ठरते. ताशी 22 किलोमीटरने जाण्यासाठी स्नायूंना जेवढा प्राणवायू जुलैत लागत होता, जवळपास तेवढाच फेब्रुवारीतही लागतो, म्हणून हृदयाला फिरवावे लागणारे रक्तही जवळपास तेवढेच राहते. समजा ते मिनिटाला 12 लिटर आहे. 146 ठोक्यांत 12 लिटर म्हणजे एका ठोक्याला सुमारे 82 मिलिलिटर, आणि 128 ठोक्यांत 12 लिटर म्हणजे एका ठोक्याला सुमारे 94 मिलिलिटर. (12 लिटर हा आकडा मी समजावण्यापुरता धरला आहे, प्रमाण मात्र असेच निघते.) म्हणजे तुमचे हृदय तेच काम आता कमी वेळा, पण भरभरून आकुंचन पावून करत आहे. ठोके उतरण्याचे मूळ कारण हे आहे.

एका ठोक्याचे रक्त वाढले कसे, तर त्यात दोन वेगवेगळ्या वेगाने होणारे बदल आहेत. पहिला बदल रक्तद्रवाचा. नियमित व्यायाम सुरू केल्यावर एक-दोन आठवड्यांतच शरीर रक्तातील पाण्याचा भाग वाढवते, हृदयाकडे परतणारे रक्त वाढते आणि डावी जवनिका (हृदयाचा शरीरभर रक्त ढकलणारा कप्पा) अधिक भरते. म्हणूनच नवशिक्याचे ठोके पहिल्या पंधरवड्यात झपाट्याने खाली येतात. दुसरा बदल सावकाश होतो: जवनिकेची पोकळी थोडी मोठी होते, भिंत लवचीकपणे भरू लागते, तांबड्या पेशी वाढतात आणि मांड्यांच्या स्नायूंमध्ये केशवाहिन्या व तंतुकणिका (पेशींतील ऊर्जा तयार करणारे घटक) वाढून आलेला प्राणवायू अधिक चांगला वापरला जातो. याला महिने, काही बाबतींत वर्षे लागतात. रक्तद्रव वाढतो त्या प्रमाणात तांबड्या पेशी लगेच वाढत नाहीत, त्यामुळे हिमोग्लोबिनचा आकडा पातळ झाल्यासारखा थोडा खाली येऊ शकतो. तुमच्या बाबतीत तसे असण्याची शक्यता आहे. तरीही स्त्रियांमध्ये लोहाची कमतरता इतकी सर्रास आढळते, की केवळ या स्पष्टीकरणावर विसंबू नका. एकदा फेरिटिन (शरीरातील लोहाचा साठा दाखवणारे प्रथिन) तपासून घ्या.

विश्रांतीतल्या नाडीचेही गणित तेच आहे. स्वस्थ पडलेल्या माणसाला मिनिटाला सुमारे 5 लिटर रक्त पुरते. 76 ठोक्यांत ते फिरवायचे तर दर ठोक्याला 66 मिलिलिटर, 59 ठोक्यांत फिरवायचे तर 85. त्याखेरीज विश्रांतीत हृदयाला आवरून धरणाऱ्या व्हेगस चेतातंतूचा प्रभाव वाढतो, असे पूर्वीपासून शिकवले जाते. मँचेस्टर विद्यापीठातील संशोधकांनी 2014 मध्ये उंदरांवरील प्रयोगांतून असेही दाखवले, की व्यायामाने हृदयातील गतिनियामक पेशींच्या आवरणातच बदल होतो आणि त्या मूळचीच गती कमी ठेवतात. दोन ठोक्यांमधला अवकाश वाढणे हृदयाच्या सोयीचे आहे, कारण हृदयाच्या स्नायूला स्वतःला रक्त मिळते ते मुख्यतः तो सैल पडलेला असताना.

आता घाट. सपाट रस्त्यावर तुम्ही वेग ठरवता आणि ठोके मोजता. घाटात तुम्ही वेग ठरवत नाही. झेपेल तितका जोर लावून वर जाता. तासभर टिकवता येईल अशी जी हृदयगती असते, ती सरावाने फारशी बदलत नाही. बदलतो तो त्या गतीला निघणारा वेग. 162 ठोक्यांना 78 मिनिटे आणि 161 ठोक्यांना 66 मिनिटे, म्हणजे चढण्याचा वेग सुमारे 18 टक्क्यांनी वाढला. तुमच्या संपूर्ण वहीतली सर्वांत मोठी सुधारणा तीच आहे आणि तिलाच तुम्ही सुधारणा नाही असे म्हटले आहे, याचे मला राहून राहून आश्चर्य वाटते. पुढच्या खेपेला मुद्दाम 78 मिनिटांचाच वेग धरून चढा. ठोके किती खाली राहतात ते तुम्हाला तिथेच दिसेल.

कमाल हृदयगती सरावाने वाढत नाही. ती वयानुसार हळूहळू उतरते आणि व्यक्तीगणिक वेगळी असते. 220 वजा वय हे सूत्र मोठ्या समूहाच्या सरासरीसाठी ठीक आहे. एका माणसाच्या बाबतीत ते दहा-बारा ठोक्यांनी सहज चुकते. 2001 मध्ये मांडले गेलेले 208 वजा वयाच्या सात दशांश हे सूत्र थोडे बरे समजले जाते, त्यानुसार तुमची मर्यादा 175 येते. पण तीही सरासरीच आहे. घड्याळाने सूत्रावरून आखलेले झोन (हृदयगतीचे टप्पे) काढून टाका आणि स्वतःच्या घाटातल्या नोंदींवरून आखा.

उत्तर 2: नागपूर_पहाट

ताई, उन्हाळ्याबद्दल मी लिहितो, कारण आमच्याकडे एप्रिल-मे म्हणजे काय हे सांगायला नको. तुमची कमाई कुठेही गेलेली नाही.

उष्णतेत हृदयाला दोन गिऱ्हाइके एकाच वेळी सांभाळावी लागतात. मांड्यांना रक्त हवेच असते. शिवाय अंगातली उष्णता बाहेर टाकण्यासाठी त्वचेकडेही मोठ्या प्रमाणात रक्त पाठवावे लागते. त्यातच घामावाटे पाणी जाते, रक्तद्रव कमी होतो आणि हृदयाकडे परतणारे रक्त घटते. एका ठोक्याचे रक्त कमी झाले, की तेवढेच काम करण्यासाठी ठोके वाढवावे लागतात. म्हणजे वरच्या उत्तरात सरांनी जे गणित सांगितले, तेच इथे उलट दिशेने चालते. ढोबळमानाने शरीराच्या वजनाच्या 1 टक्का पाणी गेले, की ठोके तीन ते पाचांनी वाढतात. 55 किलो वजनाच्या माणसाचे अर्धा-पाऊण लिटर पाणी पुण्याच्या एप्रिलमध्ये सकाळी आठच्या उन्हात तासाभरात जाऊ शकते.

यात एक बारकावा आहे. उष्णतेमुळे वाढलेले ठोके राइडच्या पहिल्या दहा मिनिटांत फारसे दिसत नाहीत, ते मिनिटागणिक चढत जातात. त्यामुळे संपूर्ण राइडची सरासरी न पाहता पहिल्या अर्ध्या भागाची आणि दुसऱ्या अर्ध्या भागाची सरासरी वेगवेगळी काढा. वेग किंवा वॉट (पेडलवर लावलेली शक्ती) तेवढेच असताना दुसरा भाग पहिल्यापेक्षा 5 टक्क्यांच्या आत वर असेल, तर त्या अंतरापुरती तुमचा दमसास चांगला आहे असे प्रशिक्षक सामान्यतः मानतात. पहिल्याच भागात ठोके दहाने जास्त असतील, तर मात्र आदल्या दिवशीचा थकवा, अपुरी झोप किंवा अंगात मुरत असलेला ताप अशी दुसरी कारणे शोधावी लागतील.

शरीर उन्हाला सरावते. रोज थोडा वेळ उष्णतेत व्यायाम केल्यास एक ते दोन आठवड्यांत घाम लवकर सुटू लागतो, त्यातले मीठ कमी होते, रक्तद्रव वाढतो आणि ठोके बऱ्याच अंशी पूर्वीच्या जागी येतात. मी स्वतः मार्चअखेर पहाटे साडेपाचऐवजी मुद्दाम साडेसातला निघतो, पण फक्त 40 मिनिटे आणि अगदी हलक्या गिअरवर, बाटलीत मीठ-साखर घातलेले लिंबूपाणी घेऊन. दीड तासाच्या वर जायचे असेल तर नुसत्या पाण्यावर राहू नका. परत आल्यावर मी वाटीभर दह्याचे ताक मीठ-जिरे घालून पितो आणि वजन करतो. निघतानाच्या वजनात आणि आल्यावरच्या वजनात एक किलोहून अधिक फरक दिसला, तर दुसऱ्या दिवशी बाटली मोठी नेतो.

उत्तर 3: कसाऱ्याचा_प्रवासी

184 आणि 176 या आकड्यांबद्दल दोन शक्यता सांगतो आणि दोन्हींचा मला अनुभव आहे.

पहिली शक्यता अशी, की 184 हा आकडा खराच नसावा. मनगटावरचे घड्याळ त्वचेतून प्रकाश टाकून रक्ताचा प्रवाह ओळखते, तर छातीचा पट्टा हृदयाचे विद्युत संकेत पकडतो. सपाट रस्त्यावर एकसारख्या वेगाने जाताना घड्याळ बहुधा बरोबर सांगते. घाटात मात्र हँडल घट्ट धरलेले असते, मनगट वाकलेले असते आणि खराब रस्त्याचे हादरे थेट घड्याळापर्यंत पोहोचतात. ऑगस्टच्या त्या राइडचा आलेख उघडून पाहा. खरी कमाल गती पायरीपायरीने चढत जाते आणि काही काळ वरच टिकते. एखाद्या क्षणी सुळक्यासारखा वर जाऊन लगेच खाली आलेला आकडा बहुतेक वेळा घड्याळाची चूक असतो. पट्टा वापरतानाही त्याची आतली बाजू पाण्याने ओली करून घ्या, नाहीतर घाम येईपर्यंतची पहिली दहा मिनिटे तोही भलतेच आकडे दाखवतो.

दुसरी शक्यता अधिक महत्त्वाची आहे आणि तिच्याकडे माझे दुर्लक्ष झाले होते. 300 किलोमीटरच्या ब्रेव्हेच्या आधी महिनाभर मी सराव एकदम दुप्पट केला होता. कसारा घाटात माझे ठोके नेहमीपेक्षा आठ-दहाने कमी दिसू लागले आणि मी त्याला तयारी उत्तम झाल्याची खूण समजलो. प्रत्यक्षात पाय शिशासारखे जड झाले होते, रात्री दोनला जाग येत होती आणि नेहमीच्या चढावर गिअर उतरवावा लागत होता. अतिथकव्यात हृदय वर चढायलाच तयार होत नाही, ठोके दबून राहतात. त्या ब्रेव्हेत मी 190 किलोमीटरवर थांबलो आणि पुढे तीन आठवडे केवळ हलकी सायकल चालवली, तेव्हा कुठे घाटातले ठोके पूर्वीसारखे वर जाऊ लागले.

तेव्हापासून मी वहीत ठोक्यांच्या शेजारी आणखी दोन रकाने ठेवतो: निघालेला वेग आणि दहापैकी किती श्रम वाटले. वेग तेवढाच, ठोके कमी आणि श्रमही कमी वाटले, तर ती तब्येतीची सुधारणा आहे. ठोके कमी, पण श्रम जास्त वाटले आणि वेगही घसरला, तर तो थकवा आहे. हा तिसरा रकाना नसेल, तर पहिल्या दोन्ही रकान्यांवरून माणूस स्वतःची सहज फसवणूक करून घेतो.

ब्रेव्हेसाठी एक सूचना. तासभराच्या घाटातले 161 ठोके साडेतेरा तास टिकत नाहीत. पहिल्या 100 किलोमीटरमध्ये शेजारच्या सायकलस्वाराशी न धापता पूर्ण वाक्य बोलता येईल, एवढ्याच जोराने चालवा. सरावाच्या बहुतेक राइडही याच जोराने होऊ द्या; सपाटीवरचे ठोके उतरवण्याचे मोठे काम याच कंटाळवाण्या वाटणाऱ्या राइड करतात.

उत्तर 4: हृदय_वैद्य

वरील उत्तरांशी मी सहमत आहे, म्हणून फक्त तुमच्या दिरांच्या काळजीबद्दल लिहिते. प्रौढांची विश्रांतीतील नाडी 60 ते 100 असावी ही वैद्यकातील एक सोयीची रेषा आहे. नियमित व्यायाम करणाऱ्या निरोगी व्यक्तीत नाडी पन्नाशीत, काही वेळा चाळिशीतही आढळते. नाडी हळूहळू, महिन्यांच्या सरावासोबत उतरली असेल, उठता-बसता चक्कर येत नसेल आणि श्रम केल्यावर ती नीट वर चढत असेल, तर 59 या आकड्याने घाबरण्याचे कारण नाही. थायरॉइडची कमतरता आणि रक्तदाबासाठी दिली जाणारी बीटा ब्लॉकर गटातील औषधे यांनीही नाडी उतरते. ती औषधे घेणाऱ्यांनी हृदयगतीची सूत्रे आणि झोन वापरूच नयेत.

तरीही तुमच्या दिरांची काळजी मी उडवून लावणार नाही. भारतीयांमध्ये हृदयविकार तुलनेने लहान वयात दिसतो आणि कमी नाडी म्हणजे रक्तवाहिन्या मोकळ्या असल्याची हमी नव्हे. वयाच्या 47 व्या वर्षी घाटात 90 टक्के क्षमतेने तासभर जोर लावायचा असेल, तर रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल आणि ईसीजी पाहून घ्यावा. घराण्यात हृदयविकार असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने ताणचाचणीही करावी. चढताना छातीत दाब किंवा जळजळ, जबड्यात किंवा डाव्या हातात दुखणे, अंधारी येणे, ठोके अनियमितपणे धडधडणे, अथवा एरवी सोप्या चढावर अचानक लागलेली धाप, यांपैकी काहीही झाले तर आलेख पाहत बसू नका, सायकल थांबवा आणि लगेच रुग्णालय गाठा.

एक सोपी नोंदही ठेवत जा. घाट संपल्यावर हलके पेडल मारत राहून पहिल्या मिनिटात ठोके किती उतरतात ते पाहा. तब्येत सुधारते तसा हा उतार वाढत जातो.

प्रश्नकर्तीचे उत्तर: धायरीची_सायकल

सर्वांचे मनापासून आभार. सांगितलेल्या बहुतेक गोष्टी मी गेल्या तीन आठवड्यांत करून पाहिल्या.

ऑगस्टचा आलेख उघडला. 184 हा आकडा केवळ तीन सेकंद टिकला होता. त्याच्या आधी 161 आणि नंतर 163 होते. नकाशावर ती जागा पाहिली, तर तो उखडलेल्या डांबराचा तुकडा निघाला, जिथे मी उभी राहून हँडल आवळून धरते. म्हणजे तो आकडा मी आठ महिने खरा धरून चालले होते.

उन्हाळ्याची शंका घरीच तपासली. मैत्रिणीचा स्मार्ट ट्रेनर (सायकल घरात जागेवरच, ठरवलेल्या वॉटवर चालवण्याचे यंत्र) आणून 95 वॉटवर एक तास सायकल चालवली, समोर टेबल-पंखा ठेवून. पहिल्या अर्ध्या तासाची सरासरी 127 आणि दुसऱ्याची 132 आली, म्हणजे सुमारे 4 टक्के वाढ. दोन दिवसांनी तेच वॉट, तीच वेळ, पण पंखा बंद ठेवला. पहिला अर्धा तास 131 आणि दुसरा 142. ट्रेनरखालच्या सतरंजीवर घामाचे तळे साचले होते. पंख्याच्या एका बटणाने दुसऱ्या अर्ध्या तासात दहा ठोक्यांचा फरक पडतो, हे स्वतः पाहिल्यावर मार्चपासूनचे 138 आता मला घाबरवत नाहीत.

थकव्याचा मुद्दाही लागू पडला असावा, कारण मार्चमध्ये मी एकही विश्रांतीचा आठवडा घेतला नव्हता. सहा दिवस अगदी हलके चालवून मगच सिंहगड चढले. शेवटच्या तीव्र वळणावर पट्ट्याने 179 दाखवले आणि आलेखात तो आकडा पायरीपायरीने चढत गेलेला दिसतो. वेळ 64 मिनिटे झाली. माथ्यावर हलके पेडल मारत राहिले तेव्हा पहिल्या मिनिटात ठोके 34 ने उतरले. परवा मुद्दाम 78 मिनिटांच्या वेगाने चढले, तर सरासरी 143 आली आणि वाटेत पहिल्यांदाच करवंदांच्या जाळ्यांकडे लक्ष गेले.

ईसीजी आणि साखर व्यवस्थित आहेत, फेरिटिन मात्र कमी निघाले आणि डॉक्टरांनी तीन महिन्यांसाठी लोहाच्या गोळ्या दिल्या आहेत. दिरांना ईसीजी दाखवला आणि डॉक्टरताईंचे उत्तर वाचून दाखवले. त्यांनी ते दोनदा वाचायला लावले आणि पुढच्या रविवारी ते स्वतःची साखर व कोलेस्टेरॉल तपासून घेणार आहेत.

गोळ्यांचा परिणाम पाहण्यासाठी जुलैच्या अखेरीस पुन्हा 95 वॉटवर, त्याच पंख्यासमोर एक तासाची चाचणी घेईन आणि आकडे इथेच लिहीन.